पिंग जाते, फाइल जात नाही

संगणक नेटवर्किंग आणि सुरक्षा या विषयाच्या पदवीसाठी मी विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा माझ्या लेखी त्यात नेटवर्किंग जवळजवळ नव्हतेच. होती ती फक्त सुरक्षा. अभ्यासक्रमाच्या नावातला पहिला अर्धा भाग म्हणजे दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोहोचण्यासाठी भरायचा टोल, अशी माझी समजूत होती आणि वर्गातल्या बहुतेकांचीही तीच होती. पहिल्या तासाला सरांनी विचारले की कोण कशासाठी आले आहे, तेव्हा निम्म्याहून अधिक हात ‘हॅकिंग’ या शब्दाला वर गेले. सरांनी ते हात नुसते पाहिले आणि काही न बोलता फळ्यावर एकाखाली एक सात चौकोन काढले. पुढचे अख्खे सत्र आम्ही त्या चौकोनांतच काढले.

ते चौकोन म्हणजे ओएसआय या पाठ्यपुस्तकी आराखड्यातले नेटवर्कचे सात थर; त्यांच्याबद्दल माझे मत आजही फारसे चांगले नाही. इंटरनेट ज्या टीसीपी/आयपी रचनेवर प्रत्यक्षात चालते तिच्यात सेशन आणि प्रेझेंटेशन असे वेगळे थर नाहीत, तरीही परीक्षेत सातही थरांची कामे क्रमाने उतरवून काढणे हा हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न होता आणि आम्ही तो घोकून सोडवत असू. थरांमागची कल्पना मात्र उपयोगाची निघाली. पाकिटात पाकीट घालावे तसे हे आहे : इथरनेटची, म्हणजे तारेवरच्या स्थानिक नेटवर्कची, एक फ्रेम (एका वेळचा गठ्ठा) साधारणपणे १५०० बाइट वाहून नेते, त्यातले २० बाइट पत्ते सांभाळणाऱ्या आयपीच्या हेडरला, म्हणजे वरच्या नोंदीच्या पट्टीला, जातात, आणखी २० मजकूर नीट पोहोचवणाऱ्या टीसीपीच्या हेडरला जातात आणि खऱ्या मजकुरासाठी उरतात १४६०. ही वजाबाकी मी वहीत लिहून घेतली आणि विसरून गेले. तीन वर्षांनी तिने माझ्या तीन रात्री खाल्ल्या, पण ते पुढे येईल.

सबनेटिंगने, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते लहान तुकड्यांत वाटण्याच्या गणिताने, पहिले दोन महिने छळले. १९२.१६८.१०.० हा पत्ता /२६ ने, म्हणजे ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कसाठी राखून, विभागला की प्रत्येक तुकड्यात ६४ पत्ते येतात, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (एकदम सगळ्यांना पाठवण्याचा), म्हणून यंत्रांना वापरता येतात ६२. तुकडे ०, ६४, १२८ आणि १९२ वर सुरू होतात. म्हणजे १३० आणि १९० हे शेजारी, पण १९० आणि १९५ एकमेकांना राउटरशिवाय भेटू शकत नाहीत. लिहायला हे दोन ओळींचे आहे, पण प्रॅक्टिकलच्या वेळी मी एका यंत्राला १९१ हा पत्ता देऊन बसले आणि प्रणालीने तो का नाकारला याचा अर्धा तास शोध घेत राहिले. तो त्या तुकड्याचा ब्रॉडकास्ट पत्ता होता. हे गणित बोटांवर बसेपर्यंत सोडवण्यावाचून दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. जे कॅल्क्युलेटरवर विसंबून राहिले ते पुढे फायरवॉलचे नियम लिहिताना अडखळत राहिले, कारण तिथे कोणता पत्ता कोणत्या तुकड्यात मोडतो हे क्षणात कळावे लागते.

विषय खऱ्या अर्थाने उघडला तो दुसऱ्या सत्रात, वायरशार्कच्या पहिल्या प्रॅक्टिकलला. काम साधे होते : एका आभासी यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर टेलनेटने, म्हणजे दूरच्या यंत्रावर काम करण्याच्या जुन्या पद्धतीने, लॉगिन करायचे आणि मध्ये वायरशार्क चालू ठेवून जाणारी-येणारी पॅकेटे, म्हणजे मजकुराचे छोटे गठ्ठे, पकडायची. आम्ही लॉगिन केले, बाहेर पडलो, पकडलेली यादी उघडली आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे तो संपूर्ण टीसीपी संवाद एका खिडकीत सलग मजकूर म्हणून पाहिला. माझे वापरकर्तानाव तिथे प्रत्येक अक्षर दोनदा येऊन विचित्र तोतऱ्या उच्चारासारखे दिसत होते. त्याच्याखाली माझा पासवर्ड होता आणि त्याचे प्रत्येक अक्षर मात्र एकदाच आले होते.

“हे असं का, सांगा,” सर म्हणाले, आणि कोणालाच सांगता आले नाही.

उत्तर यादीतच होते. टेलनेटमध्ये मी एक कळ दाबली की ते एकच अक्षर घेऊन एक पॅकेट सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर तेच अक्षर परत पाठवतो, तेव्हा ते माझ्या पडद्यावर उमटते. म्हणून नावाचे प्रत्येक अक्षर तारेवरून दोनदा गेले, एकदा जाताना आणि एकदा येताना. पासवर्ड पडद्यावर दिसू नये म्हणून सर्व्हर तो परत पाठवत नाही, म्हणून तो एकदाच गेला. शेजारी बसलेल्या माणसाला पासवर्ड दिसू नये याची काळजी घेतलेली होती, आणि तारेवर बसलेल्या माणसासाठी तो उघड्या अक्षरांत, एकेक करून, वाचता येईल अशा बेताने पाठवला जात होता. मी तो पासवर्ड इतर ठिकाणीही वापरत होते. त्या दिवशी सगळीकडचे पासवर्ड बदलण्यात माझा बराच वेळ गेला. नंतर समजले की १९९५ मध्ये फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या लॉगिनची कूटबद्ध पद्धत, लिहिले ते त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेल्यानंतर. पुढच्याच आठवड्यात आम्ही तेच प्रॅक्टिकल एसएसएचवर केले. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती आणि चालणाऱ्या अल्गोरिदमांची यादी उघडपणे सांगितली, किल्लीची देवाणघेवाण झाली आणि त्यानंतर खिडकीत नुसता कचरा दिसू लागला. कचरा पाहून इतके समाधान पूर्वी कधी झाले नव्हते.

याच सत्रात माझ्या हातून एक अपघात झाला. आदल्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या एका स्विचवरचा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल बंद केला होता आणि तो परत चालू करायचे राहून गेले होते. टेबलावर केबलींचा गुंता होता; मी एक टोक लोंबताना पाहिले आणि ते जवळच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचले. त्याच केबलचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये होते. काही सेकंदांत स्विचवरचे सगळे दिवे, जे एरवी आपापल्या लयीत लुकलुकतात, एकदम एका तालात पेटू-विझू लागले आणि लॅबमधली सगळी यंत्रे मुकी झाली. एका ब्रॉडकास्ट फ्रेमच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या अनेक, आणि त्या गोल फिरत राहिल्या होत्या, कारण आयपीच्या पॅकेटला टीटीएल नावाचा आयुष्याचा आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते, पण इथरनेटच्या फ्रेमला असा आकडाच नाही. तिला मरण नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्रीचा अल्गोरिदम दिला तो याच अडचणीसाठी : जोडण्या कितीही असोत, स्विचांनी आपापसांत ठरवून काही पोर्ट गप्प ठेवायचे आणि वर्तुळ तोडायचे. आदल्या दिवशी मी त्यावर टिपण लिहून पूर्ण गुण मिळवले होते. केबल उपसल्यावर दिवे पूर्ववत झाले आणि लॅब सहायकांनी मला फक्त इतकेच विचारले की केबलचे दुसरे टोक कुठे आहे हे पाहायला किती वेळ लागला असता.

दुसऱ्या वर्षी सुरक्षेचे विषय सुरू झाले, तेही आमच्या कल्पनेप्रमाणे नव्हे. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी प्रत्येकाकडून लेखी हमी घेण्यात आली की इथे शिकवलेली कोणतीही गोष्ट लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेवर वापरणार नाही, आणि सगळी कामे बाहेरच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या आभासी यंत्रांवरच होतील. आम्ही ते औपचारिकता म्हणून सही करून दिले. मॅडमनी मात्र पहिला पूर्ण तास त्या एका पानावर घालवला, आणि पोर्ट स्कॅन करणे, यंत्राची कोणकोणती दारे उघडी आहेत ते चाचपणे, म्हणजे ‘नुसते पाहणे’ का नव्हे यावर आमच्याशी वाद घातला.

त्यानंतर त्यांनी इतिहास शिकवला, आणि मला वाटते या अभ्यासक्रमातला तोच सर्वांत कमी लेखलेला भाग आहे. १९६९ मध्ये अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाची, सुरुवात चार ठिकाणे जोडून झाली. जोडणारी आणि जोडली जाणारी माणसे एकमेकांना बहुतांशी ओळखत होती. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये ज्या रचनेचा शोधनिबंध लिहिला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जी अधिकृतपणे स्वीकारली, तिच्यापुढचा प्रश्न होता भिन्न प्रकारची नेटवर्के एकमेकांशी बोलतील कशी, आणि वाटेत काही निकामी झाले तरी पॅकेट पोहोचेल कसे. पॅकेटवर लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हा प्रश्न त्या रचनेत विचारलेलाच नाही. हे कळल्यावर हल्ल्यांची जी लांबलचक यादी पाठ करायची म्हणून मी धसका घेतला होता ती यादी राहिली नाही; बहुतेक ठिकाणी कोणीतरी सांगितलेले दुसरे कोणीतरी न तपासता खरे मानत होते.

एआरपी हे त्याचे सगळ्यांत निरागस उदाहरण. १९८२ च्या या प्रोटोकॉलमध्ये एक यंत्र सगळ्यांना विचारते की अमुक आयपी पत्ता कोणाचा आहे, आणि ज्याचा असेल तो आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डचा पत्ता, कळवतो. उत्तर देणारा खरा आहे का हे तपासायची सोय नाही. इतकेच काय, अनेक यंत्रे न विचारलेले उत्तरही स्वीकारून आपल्या तक्त्यात नोंदवून घेतात. आम्ही तीन आभासी यंत्रे घेतली, तिसऱ्यावरून पहिल्याला सांगत राहिलो की गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जाण्याचे दार, मीच आहे, आणि पहिल्याच्या तक्त्यात गेटवेसमोरचा मॅक पत्ता आमच्या डोळ्यांदेखत बदलला. चूक दाखवणारा एकही संदेश आला नाही. पहिल्या यंत्रावर पाने पूर्वीसारखीच उघडत होती, फक्त आता ती आमच्या मार्फत जात होती. एचटीटीपीएसची, म्हणजे कूटबद्ध, पाने मात्र मध्ये बसूनही आम्हाला वाचता येईनात, आणि जेव्हा आम्ही संकेतस्थळाची ओळख पटवणारे स्वतःचे बनावट प्रमाणपत्र पुढे केले तेव्हा ब्राउझरने लाल पडदा दाखवून वाट अडवली. तो पडदा मी आयुष्यात शेकडो वेळा ‘तरीही पुढे जा’ म्हणत ओलांडला होता. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलेले असू शकते हे मी पहिल्यांदा तिथे बसून पाहिले.

हाच भोळेपणा इंटरनेटच्या कण्यातही आहे हे बीजीपी, म्हणजे मोठी नेटवर्के एकमेकांना मार्ग जाहीर करतात तो प्रोटोकॉल, शिकताना कळले. २००८ च्या फेब्रुवारीत एका देशातल्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांचा एक अरुंद /२४ मार्ग आपल्याकडे वळवला, तो मार्ग चुकून बाहेरही जाहीर झाला, आणि यूट्यूबने स्वतः जाहीर केलेला /२२ मार्ग त्याहून रुंद असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे अरुंद मार्ग पसंत केला; जवळपास दोन तास जगाच्या मोठ्या भागातून ते संकेतस्थळ दिसेनासे झाले. सबनेटिंगला नाके मुरडणाऱ्या आमच्या वर्गाला /२२ आणि /२४ मधल्या फरकाचे वजन त्या तासाला कळले.

क्रिप्टोग्राफीने, म्हणजे मजकूर कूटबद्ध करण्याच्या शास्त्राने, मला सर्वांत जास्त घाबरवले, कारण गणिताशी माझे कधी जमले नव्हते. शेषाच्या गणिताची सूत्रे नुसती वाचून डोक्यात शिरेनात, म्हणून मी लहान आकडे घेऊन हाताने करायचे ठरवले. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली किल्ली ठरवण्याची पद्धत अशी : दोघांनी उघडपणे १७ आणि ३ हे आकडे ठरवले. मी मनात ५ धरला, ३ चा पाचवा घात काढला, २४३, त्याला १७ ने भागून उरलेला शेष ५ मी मोठ्याने सांगितला. मैत्रिणीने मनात ७ धरला, ३ चा सातवा घात २१८७, शेष ११, तो तिने मोठ्याने सांगितला. मग मी तिच्या ११ चा पाचवा घात घेऊन शेष काढला आणि तिने माझ्या ५ चा सातवा घात घेऊन शेष काढला.

“दहा,” मी म्हटले.

“माझेही दहाच,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी आकडेमोड पुन्हा तपासली.

सगळे आकडे मोठ्याने बोलले गेले होते, फक्त मनातला ५ आणि ७ सोडून, आणि तरीही दोघींकडे एकच गुपित आले होते. खऱ्या वापरात १७ च्या जागी शेकडो अंकांची मूळ संख्या असते आणि ऐकणाऱ्याला उलटे जाणे व्यवहारात अशक्य होऊन बसते. मॅडमनी लगेच त्यावर पाणी ओतले. त्यांनी आमच्या मध्ये एक खुर्ची ठेवली, तिथे तिसऱ्या विद्यार्थ्याला बसवले, आणि त्याला माझ्याशी मैत्रीण म्हणून व तिच्याशी मी म्हणून हाच खेळ खेळायला सांगितले. त्याच्याकडे दोन किल्ल्या तयार झाल्या आणि आम्हा दोघींना पत्ताही लागला नाही. प्रमाणपत्रे, त्यांच्यावरच्या सह्या आणि त्या सह्या करणाऱ्या संस्थांची साखळी हे जे मला कंटाळवाणे कारकुनी प्रकरण वाटत होते, ते त्या खुर्चीवरच्या माणसाला उठवण्यासाठी होते.

वायफायच्या जुन्या डब्ल्यूईपी या संरक्षण पद्धतीची गोष्टही याच भागात आली. तिच्यात प्रत्येक पॅकेटसाठी किल्लीसोबत जो बदलता आकडा जोडला जायचा तो अवघा २४ बिटांचा होता, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता; वर्दळीच्या नेटवर्कवर ते आकडे काही तासांत पुन्हा येऊ लागतात, आणि २००१ मध्ये तर आरसी४ या कूटलेखनाच्या अल्गोरिदमची किल्ली त्यात ज्या प्रकारे घातली होती त्यातून मूळ किल्लीच शोधून काढता येते हे दाखवले गेले. पेटीवर मात्र तोवर ‘सुरक्षित’ असेच छापलेले असे.

बफर ओव्हरफ्लोच्या, म्हणजे राखलेल्या जागेत मावेल त्याहून जास्त मजकूर कोंबण्याच्या, प्रॅक्टिकलबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांचा आवडता भाग होता आणि त्याची वर्णने सगळेच करतात. संरक्षणाच्या आधुनिक सोयी मुद्दाम बंद करून आम्ही एक छोटा सी प्रोग्राम चालवला, त्याच्या ६४ बाइटांच्या जागेत भरमसाट ए अक्षरे कोंबली आणि तो कोसळल्यावर डीबगरमध्ये पाहिले, तर पुढची आज्ञा कुठून घ्यायची तो पत्ता ४१४१४१४१ झाला होता. ४१ हा ए अक्षराचा षोडशमान संकेत. प्रोग्रामने आज्ञा कुठून घ्यायची ते आता माझी अक्षरे ठरवत होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरला हाच प्रकार केला होता. शिवाय ईमेल पोहोचवणाऱ्या सेंडमेलमधली उघडी राहिलेली डीबगची सोय आणि सोपे पासवर्ड हेही त्याचे मार्ग होते. त्या वर्मने जास्त नुकसान केले ते त्याच्या स्वतःच्या एका निर्णयामुळे : यंत्र आधीच बाधित आहे असे उत्तर आले तरी सातातून एकदा तो पुन्हा शिरत असे, आणि एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती चढून यंत्रे गुदमरली. मॉरिस आमच्याहून फार मोठा नव्हता, ही गोष्ट वर्गात कोणी बोलून दाखवली नाही.

शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट आम्ही दोघांनी मिळून केला. दोन दूरच्या कार्यालयांची नेटवर्के उभी करायची, ती जीआरई टनेलने, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरे घालून नेणाऱ्या वाटेने, जोडायची, दोन्हीकडे फायरवॉल बसवायची आणि पुढच्या टप्प्यात त्यावर आयपीसेकचे एन्क्रिप्शन चढवायचे, अशी योजना होती. फायरवॉलचे नियम माझ्याकडे होते आणि ते लिहिताना मी फार कडक होते. आयसीएमपी हा नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप पोहोचवणारा प्रोटोकॉल हल्लेखोराला नेटवर्कची माहिती पुरवतो असे मी ठिकठिकाणी वाचले होते, म्हणून पिंगची, म्हणजे ‘आहेस का’ या छोट्या चाचणीची, विचारणा आणि पिंगचे उत्तर एवढीच सूट ठेवून उरलेले सगळे आयसीएमपी मी अगदी वरच्याच नियमात बंद करून टाकले. बाहेरून ट्रेसराउट, म्हणजे वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा, चालवले तेव्हा आतल्या राउटरांच्या जागी नुसत्या चांदण्या (*) आल्या, आणि त्या चांदण्यांचे चित्र आम्ही अहवालात ‘यशस्वी’ या मथळ्याखाली लावले.

मग टनेल चालू केला. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पिंग गेली, सर्व्हरवरचे छोटे मजकुराचे पान उघडले, एसएसएचने लॉगिनही झाले. पण मोठी फाइल मागितली की उतरवण्याची पट्टी शून्यावर थांबायची आणि मिनिटाभराने तुटायची. एसएसएचमध्ये शिरून मोठ्या फोल्डरची यादी मागितली की पडदा तिथेच गोठायचा. पहिल्या रात्री आम्ही सर्व्हर दोनदा नव्याने बसवला. दुसऱ्या रात्री केबली, पोर्ट आणि आभासी यंत्रे बदलली. माझ्या जोडीदाराचे म्हणणे होते की राउटरला भार झेपत नाही. माझे म्हणणे होते की टनेलची मांडणी त्याने चुकवली आहे. फायरवॉलबद्दल मला शंका आली नाही, कारण पिंग जात होती आणि लॉगिन होत होते, म्हणजे वाट मोकळी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर सहज डोकावले. मी त्यांना दहा मिनिटे आमचे तर्क ऐकवले.

“पॅकेटं पाहिलीस का?” त्यांनी विचारले.

पाहिली नव्हती. दुसऱ्या सत्रापासून जे हत्यार हातात होते ते आम्ही तीन दिवसांत एकदाही उघडले नव्हते.

त्या रात्री आम्ही दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेटे पकडली. मागणाऱ्या यंत्राकडे टीसीपीची तीन पॅकेटांची सलामी होती, फाइलची मागणी होती, मागणी मिळाल्याची पोच होती आणि त्यानंतर काहीच नव्हते. सर्व्हरकडे मात्र गजबज होती : तो फाइलचा पहिला तुकडा पाठवत होता, पोच येत नाही म्हणून त्याच क्रमांकाचा तुकडा पुन्हा पाठवत होता, दरवेळी आधीपेक्षा साधारण दुप्पट थांबून. सगळ्या हरवणाऱ्या पॅकेटांची लांबी एकच होती, १५००. सगळी पोहोचणारी पॅकेटे त्याहून लहान होती. ‘तुकडे करू नका’ हा झेंडा, म्हणजे हेडरमधली खूण, त्या हरवणाऱ्या पॅकेटांवर लावलेला होता.

मग सर्व्हरवरून आम्ही तोच झेंडा लावून निरनिराळ्या लांबीच्या पिंग पाठवल्या. १४०० गेली. १४७२ गेली नाही. १४३६ गेली, १४५४ नाही, १४४५ गेली, आणि असे दोन्हीकडून चेपत चेपत आम्ही १४४८ वर येऊन थांबलो. १४४९ बुडत होती. १४४८ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १४७६. पंधराशेतून १४७६ गेले की उरले २४, म्हणजे जीआरईचे ४ बाइट आणि त्याच्याभोवतीच्या बाहेरच्या आयपी हेडरचे २०. पहिल्या वर्षीची ती पाकिटात पाकीट घालायची वजाबाकी इथे अशी येऊन भेटली.

टनेलच्या तोंडाशी असलेला राउटर १५०० चे पॅकेट आत बसत नाही म्हणून टाकून देत होता, आणि तो ते गुपचूप करत नव्हता. १९९० पासून लिखित असलेल्या रीतीप्रमाणे तो सर्व्हरला दरवेळी आयसीएमपी प्रकार ३, संकेत ४ चा निरोप धाडत होता की पॅकेट मोठे आहे, १४७६ पर्यंतचे पाठव. तो निरोप सर्व्हरच्या दारातल्या फायरवॉलपर्यंत येत होता आणि माझा नियम तो टाकून देत होता. फायरवॉलमध्ये खाली, चालू जोडणीशी संबंधित निरोप आत सोडणारा नियमही मीच लिहिला होता. पण नियम वरून खाली वाचले जातात आणि माझा बंदीचा नियम त्याच्या वर होता. फायरवॉलवरचा मोजणीचा आकडा पाहिला तर त्या एका नियमाने टाकलेली पॅकेटे शेकड्यांत होती. तीन दिवस तो आकडा वाढत होता आणि मी जोडीदाराच्या टनेलला बोल लावत होते.

तोडगे दोन होते. टनेलवरून जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या मजकुराची कमाल मर्यादा, १४३६ वर दाबून टाकला असता तर निरोप बंद ठेवूनही फाइल उतरली असती, आणि उशीर झालेला असल्याने जोडीदाराला तोच हवा होता. त्याने टीसीपीचे भागले असते, यूडीपी या दुसऱ्या वाहतूक प्रोटोकॉलचे नाही. आम्ही शेवटी दोन्ही केले, पण आधी नियम दुरुस्त केला : प्रकार ३ चे निरोप वरच सोडले, वेळ संपल्याचा प्रकार ११ सोडला, आणि बंदी त्यांच्या खाली नेली. फाइल उतरली. ट्रेसराउटमधल्या चांदण्या गेल्या आणि त्यांच्या जागी राउटरांचे पत्ते दिसू लागले, म्हणून अहवालातले ते ‘यशस्वी’ चित्रही काढावे लागले. त्या जागी मी दोन्ही टोकांच्या पकडलेल्या पॅकेटांचे तक्ते शेजारी शेजारी लावले आणि स्वतःच्या चुकीवर तीन पाने लिहिली. अहवाल लिहिणे हे या अभ्यासक्रमातले सगळ्यांत नावडते काम आहे, पण ती तीन पाने लिहितानाच मला कळले की मी तो नियम कोणत्या धोक्यासाठी लिहिला होता हे मला सांगता येत नव्हते.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच पाने उघडली. त्यांनी आकडे विचारले, १४३६ कुठून आला ते विचारले, नियमांचा क्रम विचारला, आणि मी सगळे नीट सांगितले. मग त्यांनी विचारले की आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीत, वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतात का. नाही, मी म्हटले, तिथे तुकडे करायचे तर ते पाठवणाऱ्यानेच, म्हणून ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा निरोप तिथे तर अधिकच आवश्यक आहे.

“मग तुमच्या आयपीव्ही६ च्या नियमांत तो सोडला आहे ना?”

आयपीव्ही६ टनेलवरून आम्ही कधी चालवून पाहिलेच नव्हते. त्याच्या नियमांची फाइल वेगळी होती आणि ती मी पहिल्या आठवड्यात, जुन्या फाइलवरून, प्रोटोकॉलचे नाव तेवढे बदलून तयार केली होती. मी जोडीदाराकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी लॅपटॉप पुढे ओढून ती फाइल उघडली. बंदीचा नियम अगदी वर, पहिल्याच ओळीत होता.

“बदला,” परीक्षक म्हणाले. “थांबतो मी.”

मी टाइप करायला लागले.